पंपा नदीकाठची ख्रिस्ती प्रार्थनायात्रा : परुमला आणि मारामण

प्रस्तावना
केरळातील पंपा नदी पीरमेडच्या पठारावर उगम पावते आणि सुमारे १७६ कि.मी. वाहून वेंबनाड सरोवरास मिळते. शबरीमलाच्या यात्रेमुळे ती देशभर परिचित आहे. तथापि तिच्या खालच्या टप्प्यातील निरणम, परुमला व मारामण ही सेंट थॉमस ख्रिस्ती समाजाची महत्त्वाची केंद्रे होत. प्रार्थना कशी करावी, या प्रश्नावरून एकोणिसाव्या शतकात हा समाज दुभंगला. परंतु दोन्ही पक्षांचे सर्वांत मोठे मेळे याच नदीच्या काठी भरू लागले. या घटनेचा अर्थ शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

निरणम : जुनी वस्ती
प्रेषित थॉमस इ.स. ५२ मध्ये मलबारला आले व त्यांनी सात चर्च स्थापन केली, अशी या समाजाची श्रद्धा आहे. निरणमचे चर्च त्यांपैकी एक मानले जाते. या आगमनाचा समकालीन लेखी पुरावा उपलब्ध नाही. मात्र मिऱ्यांच्या व्यापारामुळे या किनाऱ्याचा पश्चिम आशियाशी संबंध प्राचीन काळापासून होता आणि सुरियानी भाषेतील उपासनेची परंपराही त्याच मार्गाने येथे रुजली.

दुभंग
मारामणचे धर्मगुरू अब्राहम मल्पान (१७९६-१८४५) यांनी १८३६ पासून उपासनेत सुधारणा आरंभिल्या. संतांकडे मध्यस्थीची याचना करणे व मृतांसाठी प्रार्थना करणे त्यांनी नाकारले आणि उपासना लोकांना समजणाऱ्या मल्याळममध्ये आणली. मारामणच्या चर्चमधील ज्या लाकडी मूर्तीची दरवर्षी मिरवणूक निघे, ती त्यांनी १८३७ मध्ये विहिरीत टाकली. पुढे हा वाद न्यायालयात गेला. १८८९ मध्ये त्रावणकोरच्या न्यायालयाने सुधारकांच्या विरोधात निर्णय दिला. मार थोमा चर्च वेगळे झाले.

दोन यात्रा
पारंपरिक पक्षाचे बिशप मार ग्रेगोरियोस (१८४८-१९०२) यांनी परुमला येथे वास्तव्य केले. १८९५ मध्ये ते जेरुसलेमला गेले. या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले वर्णन मल्याळममधील आरंभीच्या छापील प्रवासवर्णनांत गणले जाते. २ नोव्हेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले व १९४७ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. त्यांच्या स्मृतिदिनी केरळच्या निरनिराळ्या भागांतून भाविकांचे जथे प्रार्थना म्हणत परुमलाच्या समाधीपर्यंत पायी येतात. तेथील नव्या चर्चची रचना मुंबईस्थित वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची आहे.

त्याच १८९५ मध्ये सुधारक पक्षाने मारामण येथे पंपेच्या वाळवंटात पहिले अधिवेशन भरविले. दरवर्षी फेब्रुवारीत तेथे भव्य मांडव उभा राहतो व आठ दिवस प्रवचने होतात. येथे समाधी नाही, मूर्ती नाही. केवळ वचनाचे श्रवण आहे. चंद्रभागेच्या वाळवंटाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास या दृश्याचे सामर्थ्य सहज उमगेल.

एका पक्षास संताची मध्यस्थी आवश्यक वाटते, तर दुसऱ्यास ती अमान्य आहे. असे असूनही लोकांनी घरातून निघावे, नदीकाठी एकत्र यावे व सामूहिक प्रार्थना करावी, ही रीत दोघांनीही टिकविली. ती केवळ ख्रिस्ती लोकांचीही नाही. मारामणजवळच आरन्मुळा येथे पार्थसारथी मंदिराच्या सर्पनौका याच पात्रात उतरतात आणि चेरुकोलपुळा येथील वाळवंटात १९१३ पासून हिंदू धर्मपरिषद भरते.

निष्कर्ष
न्यायालयाने मालमत्ता व अधिकार यांची वाटणी केली. नदीची वाटणी मात्र झाली नाही. आज धोका आहे तो या सामाईक भूमीलाच. वाळूच्या बेसुमार उपशामुळे पंपेचे पात्र खोल गेले. २००१ मध्ये केरळ शासनाने नदीकाठ संरक्षण व वाळू नियमनाचा कायदा केला, तरी झालेली हानी भरून आली नाही. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात चेंगन्नूर व आरन्मुळा परिसर पाण्याखाली गेला. ज्या वाळवंटावर सव्वाशेहून अधिक वर्षे प्रार्थना झाली, ते राखणे हा केवळ पर्यावरणाचा प्रश्न नाही. मतभेद कायम ठेवूनही एकाच काठावर उभे राहण्याची जी सवय या समाजांनी जोपासली, तिचा आधारच त्या वाळूत आहे.