श्रमिकांच्या मालकीच्या सहकारी संस्था आणि कायद्याचा आधार : अंबड तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सहकार चळवळीचा इतिहास प्रामुख्याने साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि दूध संघ यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. या इतिहासात शेतकरी सभासद हा केंद्रस्थानी असून प्रत्यक्ष श्रम करणारा कामगार, मजूर किंवा ऊसतोडणी करणारा मनुष्य हा बहुधा तळटीपेत आढळतो. वस्तुतः सहकाराचा कायदा श्रमालाही सभासदत्वाचा आधार मानतो. जमीन किंवा ऊस नसलेल्या माणसाला केवळ आपल्या श्रमाच्या बळावर संस्थेचा मालक होता येते, ही तरतूद आपल्याकडे बऱ्याच काळापासून आहे. ती कागदावर कशी आली आणि प्रत्यक्षात का रुजली नाही, याचा शोध जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याच्या संदर्भात घेणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा उद्देश आहे.

अंबडची निवड सहेतुक आहे. हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याची निर्मिती होईपर्यंत तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. आजचा घनसावंगी तालुकाही पूर्वी अंबडमध्येच मोडत असे. गोदावरीच्या काठचा सुपीक पट्टा आणि त्याच्या उत्तरेचा कोरडवाहू भाग असे तालुक्याचे दोन स्वभाव आहेत. एकाच तालुक्यात ऊस पिकविणारा शेतकरी आणि कोयता घेऊन बाहेर पडणारा मजूर हे दोघेही राहतात. त्यामुळे सहकारात मालक कोण, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

कायद्याची जडणघडण

भारतात सहकारी कायद्याचा प्रारंभ १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने झाला. त्याचा रोख सावकाराच्या कर्जातून शेतकऱ्याला सोडविण्यावर होता. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याव्यतिरिक्त इतर हेतूंच्या संस्थांनाही नोंदणीचा मार्ग मोकळा केला. मुंबई इलाख्याने १९२५ मध्ये स्वतःचा कायदा केला. हैदराबाद संस्थानात मात्र निराळी व्यवस्था होती आणि मराठवाड्यातील संस्था तेथील कायद्याखाली नोंदल्या जात. परिणामी पुणे, अहमदनगर किंवा सांगलीकडे सहकाराची जी दोन पिढ्यांची तालीम झाली, ती अंबडसारख्या तालुक्याच्या वाट्याला आली नाही. मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा करताना सिंचन आणि रस्ते यांचा हिशेब होतो, पण या हुकलेल्या तालमीचा सहसा होत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आला आणि राज्यभर एकच कायदा लागू झाला. या अधिनियमात 'उत्पादक संस्था' या संज्ञेची जी व्याख्या आहे ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची होय. मालाचे उत्पादन व विक्री करणारी संस्था तर या व्याख्येत येतेच, परंतु सभासदांच्या श्रमाचा सामूहिक विनियोग करण्यासाठी स्थापन झालेली संस्थाही तीत समाविष्ट आहे. १९६१ च्या नियमांमध्ये याच वर्गात जंगल कामगार संस्था आणि मजूर कंत्राटी संस्था असे उपवर्ग करण्यात आले. प्रत्येक सभासदास एकच मत, कोणाही एका सभासदाकडे एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून अधिक भाग नसावेत आणि लाभांशावर मर्यादा असावी, ही सर्वसाधारण तत्त्वे या संस्थांनाही लागू आहेत.

याच वर्षी झालेल्या आयकर कायद्यातील एक तरतूद याहूनही सूचक आहे. सभासदांच्या श्रमाचा सामूहिक विनियोग करणाऱ्या संस्थेच्या अशा उत्पन्नाला कलम ८० प खाली पूर्ण वजावट देताना कायद्याने अट घातली होती की, मतदानाचा हक्क प्रत्यक्ष श्रम देणाऱ्या व्यक्ती, अर्थसाहाय्य करणाऱ्या सहकारी पतसंस्था आणि राज्य शासन यांच्यापुरताच मर्यादित असावा. श्रम न करणाऱ्याने मजुरांच्या संस्थेत मत देऊ नये, हे तत्त्व सहकार खात्यापेक्षा आयकर खात्याने अधिक काटेकोरपणे लिहून ठेवले, ही गोष्ट काहीशी विचित्रच म्हणावी लागेल.

जंगल कामगारांचा प्रयोग आणि मजूर संस्था

श्रमिकांच्या सहकाराला शासनाने जाणीवपूर्वक आधार दिल्याचे महाराष्ट्रातील पहिले मोठे उदाहरण जंगल कामगार सहकारी संस्थांचे आहे. आदिवासींच्या स्थितीविषयीच्या सिमिंग्टन यांच्या अहवालाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस जंगल ठेकेदारांकडून होणारी पिळवणूक उघड केली. पुढे ठाणे जिल्ह्यात १९४५ पासून वारल्यांचा लढा उभा राहिला. या पार्श्वभूमीवर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ च्या सुमारास, लाकूडतोडीचे कूप ठेकेदाराऐवजी आदिवासींच्या सहकारी संस्थांना देण्यास सुरुवात झाली. येथे कायद्याने केवळ नोंदणीचे प्रमाणपत्र दिले नाही, काम दिले. हाच त्या प्रयोगाचा गाभा होता. मात्र आदिवासींबरोबर संस्थांना 'पुरस्कर्ते' म्हणून बाहेरची मंडळी लागत आणि हिशेब, पत्रव्यवहार, खात्याशी बोलणी हे सर्व त्यांच्या हाती राही. जंगलतोडीवर निर्बंध आल्यानंतर कामच आटले आणि या संस्थांपैकी अनेक संस्था निष्प्राण झाल्या.

अंबडसारख्या जंगल नसलेल्या तालुक्यात याचे प्रतिरूप म्हणजे मजूर सहकारी संस्था. रस्ता, नाला, पाझर तलाव, शाळाखोली यांसारखी शासकीय कामे या संस्थांनी घ्यावीत व ठेकेदाराचा नफा मजुरांत वाटला जावा, ही मूळ कल्पना होती. त्यासाठी शासनाने ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांपैकी ३३ टक्के कामे मजूर संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि ३४ टक्के खुल्या स्पर्धेतील ठेकेदारांना देण्याचे धोरण स्वीकारले. काम वाटप समितीमार्फत ही कामे दिली जातात.

धोरण चांगले होते, पण त्याने एक नवीनच प्रकार जन्माला घातला. कामावर आरक्षण आल्याबरोबर मजूर संस्थेच्या नोंदणीला बाजारभाव आला. ज्यांनी कधी घमेले उचलले नाही अशा मंडळींची नावे सभासद यादीत शिरली, संस्थेच्या नावावर काम घ्यायचे आणि ते ठेकेदाराने करायचे, अशी रीत अनेक ठिकाणी पडली. 'बोगस मजूर' हा शब्द सहकार खात्याच्या कारभारात इतका रुळला की, २०२२ मध्ये मुंबईत तो थेट राजकीय वादाचा विषय झाला. सभासद खरोखर मजूर आहे किंवा नाही हे ठरविण्याची जबाबदारी निबंधकावर आहे. परंतु या संस्थांची सभासद यादी मस्टरशी ताडून पाहण्याची सवय खात्याला लागली नाही.

याच्या शेजारी रोजगार हमी योजना ठेवून पाहिली असता विरोध स्पष्ट होतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो हात खडी फोडत होते. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तेथे ठेकेदाराला दूर ठेवले गेले आणि मजुराला कामाचा हक्क मिळाला. परंतु मालकी मिळाली नाही. मजूर संस्थेच्या कायद्यात मालकी होती, पण मजूरच नव्हता. एकाच शासनाने एकाच दशकांत चालविलेल्या या दोन व्यवस्था एकमेकींशी जोडल्या गेल्या असत्या, रोजगार हमीवरील टोळीचीच पुढे नोंदणीकृत संस्था झाली असती, तर मराठवाड्याचा इतिहास काही वेगळा दिसला असता असे मानण्यास जागा आहे.

ऊस, कारखाना आणि मालकी

जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते व लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. डाव्या कालव्याचे पाणी अंबड तालुक्यात पोहोचले आणि शहागड, वडीगोद्री या भागात उसाचे क्षेत्र वाढले. अंकुशराव टोपे यांच्या नेतृत्वाखाली अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तालुक्याच्या अर्थकारणाला या कारखान्याने जे वळण दिले ते नाकारण्याचे कारण नाही. रोजगार, शिक्षणसंस्था, बाजारपेठ यांना त्यातून बळ मिळाले.

तथापि कारखान्याची मालकी ऊस उत्पादकाची आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेत घालून दिलेला हा नमुना असून त्यात कामगार हा नोकर असतो. कायद्याने यात थोडी फट ठेवली आहे. अधिनियमातील कलम ७३ बब अन्वये कायम पगारी नोकरांची विशिष्ट संख्या असलेल्या संस्थांच्या समितीवर नोकरांसाठी जागा राखून ठेवता येते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ४३ अ मधील कामगार सहभागाच्या तत्त्वाशी ही तरतूद सुसंगत आहे. पण ती सहभागाची तरतूद आहे, मालकीची नव्हे.

कारखाना बुडाल्यास काय होते, हे जालना तालुक्यातील रामनगरच्या जालना सहकारी साखर कारखान्याने दाखवून दिले. थकबाकीपोटी राज्य सहकारी बँकेने तो विकला. अशा विक्रीत कामगारांच्या सहकारी संस्थेला प्रथम विचारावे असा अग्रहक्क कायद्यात नाही.

असा अग्रहक्क नसतानाही एकदा वेगळे घडले होते. मुंबईतील कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही कंपनी १९८५ मध्ये बंद पडल्यावर तिच्या कामगार संघटनेने न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये कामगारांनी कंपनी ताब्यात घेण्याच्या योजनेस मार्ग मोकळा केला. आजारी उद्योगांविषयीच्या १९८५ च्या कायद्याखालील मंडळाने ती योजना मंजूर केली आणि कामगारांच्या सहकारी संस्थेकडे कंपनीची मालकी गेली. १९८९ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मात्र कारखाना पुन्हा अडचणीत आला. खेळते भांडवल अपुरे होते, आणि न्यायालयाचा निकाल हाती असला तरी बँकेची पतमर्यादा हाती नव्हती. तो १९८५ चा कायदाही २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच्या जागी आलेल्या दिवाळखोरी संहितेत कामगाराच्या २४ महिन्यांच्या थकीत वेतनाला तारण असलेल्या धनकोच्या बरोबरीचे स्थान आहे. म्हणजे कामगार आता चांगला धनको आहे, वारस नाही.

याउलट टिकलेल्या प्रयोगांकडे पाहिले तर एक गोष्ट लक्ष वेधून घेते. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड हा श्रमिकांच्या मालकीचा राज्यातील सर्वांत ख्यातनाम उद्योग होय. परंतु १९६६ मध्ये त्याची नोंदणी झाली ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, सहकारी कायद्याखाली नव्हे. पुण्यातील कचरा वेचकांची 'स्वच्छ' ही संस्था मात्र सहकारी असून तिने २००८ मध्ये महानगरपालिकेशी करार केला. तिच्यामागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी होती. सभासद आधी संघटित झाले आणि संस्था नंतर आली, हा क्रम येथे मजूर संस्थांच्या नेमका उलटा आहे.

२०१२ मध्ये लागू झालेल्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करणे हा अनुच्छेद १९ खालील मूलभूत हक्क झाला आणि अनुच्छेद ४३ ब ची भर पडली. तिच्यातील भाग ९ ब हा राज्यांच्या विधिमंडळांची अनुमती न घेतल्याने राज्यस्तरीय संस्थांपुरता सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी अवैध ठरविला. संस्था काढण्याचा मूलभूत हक्क मात्र कायम आहे.

अंबडच्या ऊसतोडणी मजुराला या हक्काचा उपयोग कुठे होऊ शकेल, याचे उत्तर तोडणी-वाहतुकीच्या व्यवस्थेत शोधावे लागते. कारखाना किंवा त्याने उभारलेली स्वतंत्र तोडणी-वाहतूक यंत्रणा मुकादमाशी व्यवहार करते, मुकादम मजुरांना उचल देतो आणि नवरा-बायकोचा एक कोयता धरून टोळी बांधतो. तोडणीचा दर साखर संघ आणि संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतो, पण मुकादमाचे कमिशन आणि उचलीची फेड यांचा हिशेब टोळीपुरताच राहतो. हीच टोळी दहा निरनिराळ्या कुटुंबांतील व्यक्तींनी मिळून उत्पादक संस्था म्हणून नोंदविता येते, त्यास अधिनियमात कोठेही आडकाठी नाही. अडते ते उचलीपाशी. हंगामापूर्वी घरात लागणारी रक्कम आज मुकादमच देतो, आणि जमीन तारण नसलेल्या मजुरांच्या संस्थेला तेवढे कर्ज देण्याची तरतूद ना जिल्हा बँकेच्या धोरणात आहे, ना कारखान्याच्या पोटनियमात.