मिक्सर, घरगुती

मिक्सर, घरगुती : ओले वा कोरडे खाद्यपदार्थ वाटणे, दळणे, घुसळणे व एकजीव करणे यांसाठी वापरण्यात येणारे विजेवर चालणारे स्वयंपाकघरातील यंत्र. बैठकीत बसविलेले विद्युत् चलित्र, त्याच्या दंडाशी जोडणारा कपलर, पाती असलेले स्टेनलेस स्टीलचे भांडे आणि वेग बदलण्याचा फिरता खटका हे त्याचे मुख्य भाग होत. पाश्चात्त्य देशांतील मिश्रकापासून हे यंत्र निघाले असले, तरी भारतात आज प्रचलित असलेला मिक्सर हे त्या मिश्रकाचे केवळ अनुकरण नव्हे. पाटा-वरवंटा, खलबत्ता व उखळ यांची कामे त्याच्यावर सोपविली गेल्याने त्याच्या चलित्राची, पात्यांची व भांड्यांची नव्याने रचना करावी लागली. ही रचना प्रथम यशस्वीपणे झाली ती मुंबईत.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रीय स्वयंपाकात वाटपाच्या जाडीबारकीला फार महत्त्व आहे. भरड, जाडसर, रवाळ, मऊसूत, गंधासारखे, वस्त्रगाळ हे शब्द त्याची साक्ष देतात. ठेचा जाडसरच हवा, माशाच्या कालवणाचे ओले खोबरे मऊ हवे, पुरणाला कणी राहता कामा नये, हे घरोघरचे दंडक होते. पाट्यावर बसलेली स्त्री हाताचा दाब, पाण्याचे प्रमाण व वरवंट्याची चाल यांनी ही जाडी राखीत असे. येथे वेग अत्यल्प असे, परंतु दगडाचे वजन आणि देहाचा जोर यांमुळे दाब मोठा पडे. जात्याचीही हीच रीत होती. जाते इतके सावकाश फिरे, की त्याच्या लयीवर ओव्या गाता येत. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात संकलित झालेल्या अशा ओव्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. मात्र या गाण्यांमागे पहाटे उठून करावयाचे, कंबर व खांदे भरून आणणारे आणि बहुशः केवळ स्त्रियांच्याच वाट्याला येणारे कष्ट होते, हे विसरून चालणार नाही.

पाश्चात्त्य मिश्रक : अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील रसीन या गावी स्टीव्हन पॉप्लॉव्हस्की यांनी १९२२ च्या सुमारास भांड्याच्या तळाशी फिरणारी पाती बसविलेले यंत्र तयार केले. ते माल्टयुक्त दुधाची पेये बनविण्यासाठी होते. पुढे फ्रेड ओसिअस यांच्या सुधारित यंत्राला वाद्यवृंदाचे संचालक फ्रेड वेअरिंग यांनी पाठबळ दिले आणि १९३७ मध्ये ते बाजारात आले. या यंत्रांचा भर द्रव पदार्थांवर होता. दूध, फळे, सार यांत पात्याला होणारा विरोध कमी असतो व भांड्यात उठणारा भोवरा पदार्थ पुनःपुन्हा पात्याकडे ओढून आणतो. त्यामुळे लहान चलित्र, अधिक वेग आणि काचेचे उंच भांडे एवढ्यावर त्यांचे काम भागत असे.

सार्विक चलित्र : एवढा वेग देणारे चलित्र घरगुती यंत्रांत कसे आले, हे येथे पाहणे आवश्यक आहे. पंख्यात वा पाण्याच्या पंपात सामान्यतः वापरले जाणारे प्रवर्तन चलित्र विजेच्या कंप्रतेशी बांधलेले असते. भारतातील ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या पुरवठ्यावर ते थेट जोडल्यास दर मिनिटास ३,००० फेऱ्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. मिक्सरमध्ये म्हणून सार्विक चलित्र वापरतात. यात स्थिर भागावरील क्षेत्र वेटोळे आणि फिरता भाग (आर्मेचर) एकसरी जोडलेले असतात. कार्बनचे दोन कुंचे दिक्परिवर्तकावर घासत राहून फिरत्या भागास वीज पोहोचवितात. प्रवाहाची दिशा उलटली, की दोन्ही वेटोळ्यांतील प्रवाह एकाच वेळी उलटतो. त्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. प्रत्यावर्ती व एकदिश अशा दोन्ही प्रकारच्या विजेवर ते चालते, म्हणून त्यास ‘सार्विक’ म्हणतात. आकारमानाच्या मानाने त्याची शक्ती मोठी असते आणि सुरुवातीस वळविण्याची ताकद (पीडन परिबल) भरपूर मिळते.

या चलित्राचा महत्त्वाचा गुणधर्म असा, की त्याला स्वतःचा ठरलेला वेग नसतो. रिकाम्या भांड्याने ते दर मिनिटास १८,००० च्या आसपास फेरे घेऊ शकते. भार येताच फेरे घटतात, प्रवाह वाढतो आणि वाढलेल्या प्रवाहाबरोबर वळविण्याची ताकदही वाढते. भार व ताकद यांची जेथे बरोबरी होते, तो त्या क्षणीचा वेग होय. दर मिनिटास १०,००० फेरे घेणाऱ्या ६ सेंमी. व्यासाच्या पात्याच्या टोकाचा वेग सेकंदास सु. ३१ मी., म्हणजे ताशी ११० किमी.हून अधिक असतो. पाट्यावर जे काम दाब करतो, ते येथे अशा आघातांच्या संख्येने होते.

मुंबईतील मिक्सर : १९६०–७० या दशकाच्या प्रारंभी मुंबईतील काही सुस्थित घरांत परदेशी मिश्रक आले होते. भिजविलेली डाळ, ओले खोबरे, सुक्या मिरच्या, हळकुंडे असा माल त्यांत पडू लागताच त्यांची मर्यादा उघड झाली. घट्ट वाटणात भोवरा होत नाही. पात्याभोवती पोकळी होते आणि उरलेला गोळा भांड्याच्या कडेस चिकटून बसतो. कठीण मालात पाते अडते व चलित्र तापते. सीमेन्स कंपनीत अभियंता असलेले सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचा ब्राऊन कंपनीचा मिश्रक असाच बंद पडला. त्यांच्या पत्नी माधुरी माथूर यांच्या स्वयंपाकाच्या गरजा ध्यानात घेऊन माथूर यांनी भारतीय वाटणाला पुरे पडेल असे यंत्र बनविण्याचे ठरविले. १९६३ मध्ये पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस कंपनी स्थापन झाली आणि तिचा मिक्सर ‘सुमीत’ या नावाने प्रसिद्धी पावला.

यंत्र अधिक वेगवान करणे हे या प्रयत्नाचे सार नव्हते. भाराखाली ते न थांबणे हे त्याचे सार होते. त्यासाठी अधिक शक्तीचे व उष्णता सोसणारे चलित्र, जाड पात्यांची निरनिराळी रचना आणि काचेऐवजी स्टेनलेस स्टीलची भांडी यांची सांगड घालण्यात आली. पेयांसाठी मोठे, कोरड्या दळणासाठी मध्यम आणि चटणीसाठी लहान अशा भांड्यांचा संच पुढे भारतीय मिक्सरची ओळखच ठरला. चटणीच्या भांड्याचा घेर लहान ठेवल्याने थोडेसे वाटणही पात्याच्या आवाक्यात राहते. १९७०–९० या काळात ‘सुमीत’ हे नाव इतके रूढ झाले, की अनेक घरांत कोणत्याही मिक्सरला ते लावले जाई. चेन्नईत १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रीती’ आदी उत्पादनांमुळे पुढे स्पर्धा वाढली. ‘सुमीत’ या व्यापारचिन्हाच्या हक्काविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९४ मधील त्या निकालात एका चिन्हाचा उगम व मालक एकच असू शकतो, हे तत्त्व न्यायालयाने अधोरेखित केले आणि तो निकाल आजही व्यापारचिन्हविषयक खटल्यांत आधारास घेतला जातो.

दक्षिणेत याच प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले गेले. इडली-डोशाच्या पिठासाठी कोईमतूर येथे विकसित झालेल्या ओल्या दळणयंत्रात प्रवर्तन चलित्राने दगडच सावकाश फिरविले जातात. तेथे यंत्राने रगड्याची रीत कायम ठेवून केवळ हात मोकळे केले. मुंबईच्या मिक्सरने मात्र दगडाची रीत सोडून पात्याची रीत स्वीकारली.

वेगनियंत्रण : खटक्यावरील १, २, ३ हे आकडे फेऱ्यांचे प्रमाण दाखवीत नाहीत, दुसऱ्या आकड्यावर पहिल्याच्या दुप्पट वेग मिळतो असे नाही. प्रचलित मिक्सरमध्ये क्षेत्र वेटोळ्याला ठिकठिकाणी फाटे काढलेले असतात. पहिल्या आकड्यावर वेटोळ्याचे सर्वाधिक वेढे मंडलात येतात, चुंबकीय क्षेत्र प्रबळ होते आणि फिरत्या भागात निर्माण होणारा विरोधी विद्युत् दाब कमी फेऱ्यांतच पुरवठ्याच्या दाबाशी तोल साधतो. तिसऱ्या आकड्यावर वेढे कमी होतात, क्षेत्र दुबळे पडते आणि तोच तोल साधण्यासाठी फेरे वाढावे लागतात. क्षेत्र दुबळे केल्याने वेग वाढतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी उलट वाटली तरी तिचे कारण हे आहे. काही यंत्रांत अर्धसंवाहक घटकांच्या साहाय्याने प्रत्येक आवर्तनाचा काही भाग रोखून वेग कमी करतात. खटक्याच्या उलट दिशेस असणारी आणि हात सोडताच सुटणारी जागा क्षणिक झटक्यांसाठी असते. दाण्याचे कूट वा ठेचा जाडसर ठेवावयाचा, तर तिचाच उपयोग होतो. कारण दोन झटक्यांमध्ये माल खाली बसतो व सर्व कण सारखे तुटतात. भरड आणि मऊ यांतील जो फरक पूर्वी हाताला कळत असे, तो येथे अशा रीतीने कालावर सोपविला गेला आहे.

कमी आकड्यावर चालविल्यास चलित्र सुरक्षित राहते, असा एक समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. चलित्राला थंड ठेवणारा पंखा त्याच्याच दंडावर बसविलेला असतो. घट्ट वाटणाने पाते जवळजवळ अडले, की विरोधी दाब घटतो, प्रवाह वाढतो आणि नेमक्या त्याच वेळी पंख्याचा वारा मंदावतो. अशा वेळी खटका कोणत्याही आकड्यावर असला तरी वेटोळे तापते व त्याचे निरोधक आवरण करपते. यावर आकडा बदलणे हा उपाय नसून भार कमी करणे, म्हणजे माल थोडा काढणे, पाणी घालणे किंवा थांबून कडेचे वाटण खाली करणे, हा आहे. बहुतेक यंत्रांच्या तळाशी असलेला अतिभार-खटका प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास मंडल तोडतो. कपलर धातूऐवजी रबर वा प्लॅस्टिकचा असण्यामागेही हेतू आहे. पाते अडकल्यास तो स्वस्त भाग झिजतो वा तुटतो आणि चलित्र वाचते. बैठकीवर लिहिलेले ५०० वा ७५० वॉट हे यंत्राने घेतलेल्या विजेचे माप आहे, पात्यापर्यंत पोहोचणाऱ्या शक्तीचे नव्हे. त्यांतील बराच भाग उष्णता, घर्षण व आवाज यांत जातो. या यंत्रांची सुरक्षितता व कार्यक्षमता यांसंबंधीच्या अपेक्षा भारतीय मानक ४२५० मध्ये नमूद केल्या आहेत.

सामाजिक परिणाम : मिक्सरचा प्रसार हा शहरी घराच्या बदलत्या रचनेशी निगडित आहे. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर परिसर याचे उदाहरण म्हणून घेता येईल. मिठागरे, शेती व मासेमारी यांवर जगणाऱ्या या भागातील गावांची व पाड्यांची १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाखांवर गेली. महामार्गालगतचा पेणकरपाडा हा अशा शहरात सामावलेल्या पाड्यांपैकी एक होय. या परिसरातील आगरी व कोळी घरांत मसाला कुटण्याची, तर ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लाकडी उखळात ‘बाटली मसाला’ कुटण्याची परंपरा होती. पाट्याला जमिनीवरची पक्की जागा आणि उखळाला अंगण लागते. इमारतीतील लहान सदनिकेत दोन्ही दुर्मिळ असतात व स्वयंपाक उभ्याने, ओट्यावर होतो. त्या ओट्याच्या कोपऱ्यात मिक्सर मावतो. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या शेजाऱ्यांच्या घरी त्याच आकड्यावर कोणी खोबरे वाटतो, कोणी इडलीचे पीठ, तर कोणी हिरवी चटणी. म्हणजेच आकडा एक असला तरी वेग घरोघरी निराळा असतो.

मिक्सरने स्त्रियांचे पहाटेचे श्रम निश्चितपणे कमी केले. तथापि श्रम वाचले म्हणून ते वाटले गेले, असे मात्र सर्वत्र घडले नाही; वाटण सोपे झाले, पण ते करणारे हात बहुधा तेच राहिले. चवीच्या दृष्टीनेही काही बदल झाले. पात्याच्या अतिवेगाने वाटण तापते आणि मसाल्यांतील बाष्पनशील तेले काही प्रमाणात उडतात. गार पाणी घालून थोड्या थोड्या वेळाने वाटण्याची गृहिणींची रीत याच अनुभवातून आली आहे. पाटा स्वयंपाकघरातून गेला, तरी संस्कारांतून गेला नाही. बारशाच्या वेळी बाळाआधी पाळण्याभोवती फिरविण्यास अनेक घरी आजही वरवंटाच लागतो.

यंत्राबरोबर त्याची देखभाल करणारा वर्गही बदलला. गुळगुळीत झालेल्या पाट्याला व जात्याला टाकी लावून पुन्हा खरबरीत करून देणारे कारागीर दारोदार फिरत. त्यांची जागा आता कार्बन, कपलर व पाती बदलणाऱ्या आणि जळालेले वेटोळे नव्याने गुंडाळून देणाऱ्या दुकानदारांनी घेतली आहे. अलीकडे कुंच्यांविना चालणारी, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची चलित्रे मिक्सरमध्ये येऊ लागली आहेत. ती फिरत्या भागाची स्थिती सतत जोखून भार वाढला तरी, आपल्या मर्यादेत, नेमलेला वेग राखू शकतात. त्यांचा प्रसार झाल्यास खटक्यावरील आकडा प्रथमच खऱ्या अर्थाने वेगाचा आकडा ठरेल. मात्र त्यांची दुरुस्ती तांब्याची तार गुंडाळून होत नाही, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक मंडलाचे ज्ञान लागते. टाकी लावणाऱ्या कारागिरावर आलेली वेळ वेटोळे भरणाऱ्या कारागिरावर येऊ नये, यासाठी हे नवे ज्ञान गल्लीतील दुकानापर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.