अँटेना म्हैसमाळकडे

आमच्या गच्चीवर एक लोखंडी पाइप अजून उभा आहे. आता त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधलीय. लहानपणी त्यावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना होती. रविवारी सकाळी मी वर जाऊन पाइप फिरवायचो आणि खालून आई ओरडायची, "मुंग्या आल्या रे! अजून जरा दौलताबादकडे!"

दौलताबाद ही नुसती खूण. खरी दिशा त्याच्याही पुढची, खुलताबाद ओलांडून म्हैसमाळच्या पठारावर उभ्या असलेल्या दूरदर्शनच्या मनोऱ्याची. परवा पावसात तिथं गेलो. ढग इतके खाली उतरले होते की मनोऱ्याचं टोक दिसेना. गिरिजामातेचं दर्शन घेऊन आलेली माणसं त्याकडे बोट दाखवून मुलांना सांगत होती, आमच्या वेळचा टीव्ही इथून यायचा.

म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून जास्त उंच, आमचं छत्रपती संभाजीनगर शहर त्याच्या सुमारे पाचशे मीटर खाली. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून मनोरा डोंगरावरच चढवायचा.

हे शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. 1670 मध्ये सिंहगड घेतल्यावर मावळ्यांनी गडावरची पागा पेटवली आणि तो उजेड राजगडावर शिवाजी महाराजांना दिसला, असं बखरकार सभासद सांगतो. त्याच सिंहगडावर 1973 साली पुण्यासाठी दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला. जागा तीच, कारणही तेच: तिथून दूरवर दिसतं.

आमच्या मुलखातला निरोप मात्र आधी पायी आला. प्रवासी इब्न बतूतानं सुलतान तुघलकाच्या डाकेचं वर्णन केलंय: जासुदाच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, तिच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटा ऐकू आली की पुढच्या चौकीचा जासूद कंबर कसून उभा. सुलतानासाठी गंगेचं पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून दौलताबादला असंच खांद्यावरून यायचं. मला ती घंटा फार जवळची वाटते. गच्चीवर मीही खालच्या हाकेकडे कान लावूनच उभा असायचो.

2016 मध्ये दूरदर्शननं 16 शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यात आपलं शहर होतं. पण तोवर गच्च्यांवर डिशच्या छत्र्या आल्या होत्या. दूरदर्शनच्याच फ्री डिशचा उपग्रह इथून आग्नेयेला, म्हैसमाळ वायव्येला. गल्लीतल्या सगळ्या छत्र्यांनी म्हैसमाळकडे पाठ केलीय. आमचा पाइप तेवढा मी काढू दिलेला नाही.