कोटितीर्थाकाठचे आबालाल

निसर्गचित्रकाराचे घर पाहायचे तर आम्हा पिंपरीकरांना महामार्गाने थेट कोल्हापूर गाठावे लागते. तेथे राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) यांचा ‘निसर्ग’ बंगला आहे. मांडरे नट म्हणून गाजले. पण बाबूराव पेंटरांच्या तालमीतले ते निसर्गचित्रकारही होते. राहते घर आणि चित्रे त्यांनी हयातीतच शासनाला दिली, म्हणून तेथे आज संग्रहालय आहे.

राजारामपुरीपासून जवळच, शाहू मिलच्या शेजारी, कोटितीर्थ तलाव आहे. त्याच्या काठी आबालाल रहिमान यांनी आयुष्य काढले. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचा आरंभ ज्यांच्यापासून मानतात, ते हे मुसलमान चित्रकार. त्यांचे घर मात्र संग्रहालय झाले नाही.

त्यांचे खानदान कुरआनशरीफच्या प्रती हाताने लिहिणाऱ्या कातिबांचे. कातिबाला घाई चालत नाही, की कलमाचा एक फटकारा जास्तीचा चालत नाही. हा सबुरीचा हुनर घेऊन आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, तेथे व्हाइसरॉयचे पदक मिळवले आणि गावी परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केले. मुंबईत राहून साहेबलोकांच्या तसबिरी रंगवल्या असत्या तर पैसा मिळाला असता. त्यांनी पंचगंगेचा घाट, तलावाचे पाणी, झाडांमागची देवळे रंगवली. देवळाच्या शिखरावरचे ऊन रंगवताना त्यांचा धर्म आड आला नाही आणि पाहणाऱ्यांनाही तो आड येऊ दिला नाही.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज वारले. त्या दुःखात आबालाल यांनी हजारो चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात सांगतात. आकड्याचा हिशेब कोण देणार? जलरंगातला कागद पाण्यात गेला की पुरावा उरत नाही. १९३१ साली आबालाल यांचे निधन झाले. जी चित्रे उरली, त्यांतली काही टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात. बाबूराव पेंटरांसारख्या पुढच्या पिढीने त्यांनाच गुरुस्थानी मानले. म्हणजे मांडऱ्यांच्या बंगल्यातली वाटही मागे मागे गेल्यास याच तलावाकाठी पोहोचते.

दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. एका चित्रकाराने घर जपण्याची सोय स्वतः केली, दुसऱ्याने केली नाही. पण जपण्याचे काम एकट्या कलावंताचे नसते. ते त्याच्या शहराचे असते, तसेच त्याच्या समाजाचेही असते. ‘या मातीत तुमचे काय?’ असे कोणी विचारले की आपण लढायांची आणि बादशहांची नावे सांगतो. या मातीचे ऊन-पाणी जन्मभर कागदावर उतरवणाऱ्या आबालाल यांचे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे? घरोघरी पेटीच्या तळाशी पडलेली जुनी हस्तलिखिते, तसबिरी, सनदा यांचीही हीच गत आहे. त्या बुडायला तलाव लागत नाही. आपली बेपर्वाई पुरते.