भोकांचा चमचा

आज आपण एकाच चमच्याबद्दल बोलणार आहोत. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला, चांदीचा, साधारण १३-१४ सेंटिमीटर लांबीचा. त्याच्या खोलगट भागाला नक्षीदार भोकं, दांडा काडीसारखा बारीक आणि शेवटाला भाल्यासारखं टोक. भोकांमुळे यात पातळ पदार्थ राहणार नाही आणि टोकामुळे तो नीट हातात बसणार नाही. मग हा कशासाठी?

जुनी चांदी जमवणाऱ्यांनी याला बरीच नावं दिली. कोणी म्हणालं ऑलिव्हचा चमचा: टोकानं टोचायचं, भोकांतून खारं पाणी निथळू द्यायचं. कोणी म्हणालं तुतीचा. ऐकायला पटतं. आपणही झारा बघितला की लगेच तळण आठवतो! पण नुसत्या आकारावरून केलेला तर्क हा तर्कच राहतो. इतिहासाला आणखी दोन गोष्टी विचारायच्या असतात: ही वस्तू कुणाच्या सोबतीनं राहिली, आणि तिच्या काळात लोक तिला काय म्हणत होते?

आधी सोबत बघू. जुन्या पेट्यांमध्ये हे चमचे चहाचे चमचे आणि साखरेचा चिमटा यांच्याबरोबर ठेवलेले सापडतात. आता नाव. १६९७ सालच्या 'लंडन गॅझेट'मध्ये टोकदार, निमुळत्या दांड्याच्या चहाच्या गाळणी-चमच्यांचा उल्लेख आहे. म्हणजे प्रश्न चहापाशी येऊन थांबतो. 'मोट स्पून' हे आज रूढ असलेलं नाव मात्र नंतरचं, संग्राहकांचं. 'मोट' म्हणजे इंग्रजीत बारीक कण. आपल्या विहिरीवरच्या मोटेशी त्याचा काही संबंध नाही.

तेव्हा चीनहून येणाऱ्या चहात पानांचा चुरा असे. कपात ओतल्यावर तो वर तरंगे. भोकांच्या चमच्यानं तो उचलायचा. किटलीच्या तोटीच्या मुळाशी बारीक भोकं असत. तिथे पानं अडकली की दांड्याचं टोक घालून मोकळी करायची. पुढे शतकाच्या अखेरीला कपावर धरायची गाळणी आली आणि या चमच्याचं काम संपलं. काम संपलं, मग नावही विसरलं गेलं आणि ऑलिव्हच्या गोष्टी सुरू झाल्या.

आणखी एक सावधगिरी. साध्या चमच्याला नंतर भोकं पाडून असे चमचे बनवून विकलेही गेले आहेत. म्हणून आपण भोकांच्या कडा आणि दांड्यावरचे शिक्के भिंगातून बघतो.

हे सगळं सांगायचं कारण आपल्या घरातलं आहे. आजीच्या पेटीत एखादं न कळणारं चांदीचं भांडं निघतं, आपण ते सराफाकडे नेतो, तो तराजूत टाकतो आणि मोडीच्या भावानं ते वितळतं. वजन तेवढं उरतं, उपयोग कायमचा जातो. तेव्हा मोडीत घालण्याआधी, घासून लख्ख करण्याआधीसुद्धा, दोन फोटो काढा, शिक्के टिपून घ्या, ते कशाबरोबर ठेवलेलं होतं ते लिहा. आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा, "याला तुम्ही काय म्हणायचा?" तो एक शब्दच पुढच्यांसाठी पुरावा असतो.