पट्टी एकीकडे, सूर दुसरीकडे

पियानोचं साउंड मॉड्यूल पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक गोष्ट हमखास खटकते: या वाद्याला पट्ट्याच नाहीत. पुढच्या बाजूला काही बटणं आणि चिमुकला पडदा, मागे वायरी खोचायची भोकं, बस्स. पियानोपासून सतारीपर्यंतचे आवाज आत भरलेले असतात, पण बोट ठेवायला जागा नाही. आमच्या करमाळ्याकडे कुठल्याही कंपनीच्या की-बोर्डला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात. असा एखादा कॅसिओ शेजारी ठेवायचा, पाच पिनांची एक वायर जोडायची, की हा डबा बोलू लागतो. बोटं इकडे चालतात, सूर तिकडून निघतो. अनेक जुन्या पेटीवाल्यांना हे परकं वाटतं. माझं म्हणणं उलट आहे. या डब्याची कुळी आपल्या पेटीच्या घरातूनच जाते.

पॅरिसच्या अलेक्झांडर दबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातभात्याची पेटी केली आणि वाद्य जमिनीवर, गाणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलं. तरी एक अडचण उरलीच. पट्टी दाबली की तिच्याखालचं भोक उघडतं आणि एक ठरलेली पितळी पाती थरथरते. त्या पट्टीला दुसरा सूर नाही, त्या सुराला दुसरी पट्टी नाही. गळे मात्र असे बांधलेले नसतात. बुवा काळी एकमध्ये गाणार, त्यांच्यामागून येणाऱ्या बाई काळी चारमध्ये. पेटीवाल्याने दर वेळी बोटांची सगळी वाट बदलायची.

यावर उपाय निघाला तो स्केल चेंजरचा. पट्ट्यांची अख्खी फळी पात्यांवरून डावी-उजवी सरकवायची. बोटं जुन्याच वाटेने चालतात, सूर मात्र वर किंवा खाली जातो. सरकत्या पट्ट्यांचे पियानो परदेशातही झाले होते, पण रोजच्या साथीत ही युक्ती मुरवली ती आपल्या कारागिरांनी. पट्टी आणि सूर यांची गाठ सैल करता येते हे आपल्याकडच्या वादकाने असं लाकडात आणि पितळेत अनुभवलेलं आहे. मॉड्यूलवरचं किंवा की-बोर्डवरचं ‘ट्रान्सपोज’ बटण हेच काम करतं. बोटं पांढरी एकच्या वाटेने ठेवून काळी एक हवी तर अधिक एक, काळी दोन हवी तर अधिक तीन.

गाठ पुरती सुटली ती विजेमुळे. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट होप-जोन्स यांनी चर्चच्या ऑर्गनच्या पट्ट्या विजेच्या तारांनी नळ्यांना जोडल्या. वादक कुठे बसतो आणि आवाज कुठून येतो, याचा संबंध संपला. १९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थॅडियस काहिल यांनी तर त्याहून पुढची झेप घेतली. त्यांच्या टेलहार्मोनियमची सुमारे २०० टनांची यंत्रं एका इमारतीत, आणि संगीत टेलिफोनच्या तारांवरून हॉटेलांत. धंदा बुडाला, पण कल्पना टिकली.

पुढे सिंथेसायझर आले आणि नवीच अडचण उभी राहिली: प्रत्येक कंपनीची वायरवरची भाषा वेगळी. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रित केले. त्यांची तिन्ही मुख्य यंत्रं रोलँड या एकाच कंपनीची होती. दुसऱ्या कंपनीचं यंत्र मध्ये आलं असतं तर त्यांचं आपसात सहज जुळलं नसतं. हा तिढा जपानच्या इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन सोडवला. काकेहाशी रोलँडचे संस्थापक, स्मिथ सिक्वेन्शियल सर्किट्सचे. म्हणजे बाजारातले स्पर्धक. जानेवारी १९८३ मध्ये या दोन कंपन्यांची वाद्यं एका वायरीने जोडून सगळ्यांसमोर वाजवली गेली. ही भाषा म्हणजे मिडी. कुणा एका कंपनीने तिच्यावर मालकी सांगितली नाही, म्हणूनच ती आज आमच्या गावाकडच्या मांडवापर्यंत आली आहे. मला हा संगीताच्या इतिहासातला फार मोठा उदारपणा वाटतो.

मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही, हे नीट समजून घ्यावं. जातो तो निरोप: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात, अमुक सोडली. सेकंदाला ३१,२५० बिट्स इतका वेग, म्हणजे एका सुराचा निरोप साधारण एक हजारांश सेकंदात पोचतो. पट्टीचा क्रमांक आणि तिचा जोर, दोन्ही ० ते १२७ मध्ये बसवलेले.  

निरोप वेगळा झाला म्हटल्यावर आवाजाच्या डब्याला पट्ट्या कशाला हव्यात? १९८६ मध्ये रोलँडने एमकेएस-२० काढलं: मुख्यतः पियानोच्या जातीच्या आठ आवाजांचं, रॅकमध्ये बसणारं मॉड्यूल. १९८९ मध्ये ई-म्यू कंपनीचं प्रोटियस आलं, त्यात खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने होते. उलट टोकाला १९८५ चा पहिला ऑक्टोपॅड. आज ऑर्केस्ट्रात ढोलकीवाल्याशेजारी दिसणाऱ्या पॅडचा तो पूर्वज, आणि त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी त्याच्यावर पडायची, वाजायचा दुसराच डबा. १९९१ मध्ये जनरल मिडीने आवाजांचे क्रमांकही ठरवून टाकले. पहिला मोठा पियानो, पाचवा-सहावा इलेक्ट्रिक पियानो. आपल्या पेटीला त्या यादीत नाव नाही. तिच्या सर्वांत जवळचा तो एकविसावा, रीड ऑर्गन.

आता जोडणी. की-बोर्डच्या ‘आउट’मधून मॉड्यूलच्या ‘इन’मध्ये मिडीची वायर, पंधरा मीटरच्या आत. मॉड्यूलच्या ऑडिओ आउटमधून मिक्सरकडे दोन वायरी. ॲडॉप्टर त्याच यंत्राचा वापरावा. व्होल्ट जुळले तरी पिनेचं धन-ऋण उलटं असू शकतं. मांडवात जनरेटरवर काम असेल तर आधी मॉड्यूल, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायर चालू करायचा आणि बंद करताना हाच क्रम उलटा. की-बोर्ड आणि मॉड्यूल, दोन्हीकडे मिडी चॅनल एकच ठेवायचा. आवाज दुहेरी ऐकू आला तर की-बोर्डचा स्वतःचा आवाजही सुरू आहे असं समजावं. ‘लोकल’ बंद केलं की तो थांबतो. वाजवताना वायर निसटली तर सूर अडकून राहू शकतो, कारण ‘पट्टी सोडली’ हा निरोप पोचलेलाच नसतो. अशा वेळी मिक्सरवर आवाज खाली घेऊन मॉड्यूल बंद करून पुन्हा चालू करावं. काही जुन्या मॉड्यूलमध्ये एका वेळी सोळाच सूर निघतात, आणि सूर लांबवणारं पेडल दाबून ठेवलं की ते लवकर संपतात. भजनाच्या द्रुत लयीत पेडलवरून पाय उचललेलाच बरा.

पण मला या डब्याचं खरं मोल वाटतं ते गंधारात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांत गायले. न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी पुढाकार घेऊन लंडनच्या कीटली मूर यांच्याकडून १९११ च्या सुमारास श्रुतींची खास पेटी बनवून घेतली. दुखणं एकच होतं: पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर कापलेले, गळ्याचे तसे नसतात. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, त्यामागेही हे कारण होतंच. देवलांच्या वाटेने जाणारी पेटी बनवायची तर पाती जास्त, पट्ट्या जास्त, बोटांची कसरत जास्त. आज अनेक मॉड्यूलमध्ये बाराही सूर स्वतंत्रपणे उतरवता-चढवता येतात. सा पांढरी एकचा असेल तर तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा शुद्ध गंधार १४ सेंट (लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचे १४ शतांश) खाली घ्यावा, म्हणजे तो तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधाराशी मिळतो. एवढंच करून यमन वाजवून पाहावा. साथीला बसलेला गवय्या न सांगता मान हलवतो.

एक खबरदारी घ्यावी लागते. ही सोय रागाला बांधलेली नसते, पट्टीच्या क्रमांकाला बांधलेली असते. की-बोर्डवर ट्रान्सपोज अधिक एक केलं की बोट तिथेच राहतं, पण मॉड्यूलकडे जाणारा क्रमांक एकाने वाढतो आणि गंधार पांढरी चारवर जातो. म्हणून काळी एकसाठी पांढरी चार उतरवून ती मांडणी वेगळी साठवावी, काळी चारसाठी तशीच आणखी एक, आणि बुवांनंतर बाई गायला बसल्या की ट्रान्सपोजसोबत नुसता त्या मांडणीचा क्रमांक बदलावा.