पालथा हात, उताणा हात

दान घेतांना हात उताणा होतो, देतांना पालथा. कुलपांत किल्ली फिरविणें, तीर्थासाठीं तळहात पुढें करणें, घास तोंडाशीं नेणें, हीं सर्व कामें याच एका हालचालीवर चालतात. ती मनगटांत होते असा बहुतेकांचा समज आहे. वस्तुतः मनगट वांकतें, पण गरकन् फिरत नाहीं. फिरतें तें कोपराखालच्या दोन हाडांपैकीं एक. आणि हें नीट उमगावयास मनुष्यास फार काळ लागला.

आंगठ्याच्या बाजूच्या हाडास रेडियस व करंगळीच्या बाजूच्या हाडास अल्ना म्हणतात. रेडियस या लॅटिन शब्दाचा अर्थ चाकाचा आरा. कोपरापाशीं रेडियसचें डोकें चकतीसारखें वाटोळें असून एका कंकणाकृति बंधांत तें जागच्या जागीं फिरतें. (लहान मुलास एका हातानें हिसडून उचललें कीं हाच बंध सरकतो आणि मूल हात हलवीनासें होतें, आईबापांनीं हें ध्यानांत ठेवावें.) मनगटापाशीं भूमिका उलटतात: तेथें अल्नाचें डोकें बहुतांशीं स्थिर, आणि रेडियसचें रुंद टोंक त्याच्याभोंवतीं घसरतें. हात उताणा असतां दोन्ही हाडें जवळजवळ समांतर. पालथा केला कीं रेडियस अल्नावर तिरपें येतें. तें किंचित् धनुष्याकृति आहे म्हणूनच ही चाल अडत नाहीं.

आमच्याकडे चरकसंहितेंत दोन्ही हातांच्या या भागांत मिळून चार हाडें मोजलीं आहेत, व ती गणना बिनचूक आहे. सुश्रुतानें सांध्यांचे आठ प्रकार सांगून कोपर व मनगट यांस ‘कोर’ वर्गांत घातलें. फिरण्यास मात्र त्यांत वेगळी जागा नाहीं. त्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. प्रेतावरून हाडांची संख्या कळते. त्यांची चाल कळण्यास तीं हालवून पाहणारा माणूस लागतो.

असा माणूस होता लिओनार्दो दा व्हिंची. इ. स. १५१० च्या सुमारास त्यानें उताण्या व पालथ्या हाताचीं हाडें चितारलीं, पालथा हात किंचित् आंखूड होतो हें टिपलें, आणि दंडाचा द्विशिर स्नायु कोपर दुमडतो तसाच हात उताणाहि करतो हें ओळखलें. उजव्या हातानें मळसूत्र आवळण्यास जोर अधिक मिळतो तो याच स्नायूमुळें. परंतु तो १५१९ मध्यें वारला आणि हीं पानें छापल्यावांचून राहिलीं. त्यांची प्रतिकृति प्रसिद्ध झाली ती १८९८ मध्यें. मधल्या काळांत, १५४३ सालीं, व्हेसेलियसचा महाग्रंथ बासल येथें निघाला. त्यांतील स्वतःच्या चित्रांत तो एक सोललेला हातच दाखवीत उभा आहे.

यानंतरची भर शल्यवैद्यांनीं घातली. १८१४ या एकाच वर्षीं डब्लिनच्या अब्राहम कॉलिसनें मनगटाजवळ रेडियस मोडण्याचा प्रकार वर्णिला, आणि मिलानच्या मोंतेज्जानें अल्ना मोडून रेडियसचें डोकें कोपरापाशीं निखळण्याचा. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. म्हणजे या दोघांची भिस्त बोटांवर व बुद्धीवर होती! पुढें १९३४ मध्यें मिलानच्याच गालेआत्सीनें उलट बाजू दाखविली: रेडियस मोडतें आणि सांधा निखळतो तो मनगटापाशीं.

दोन्ही प्रकारांचें कारण एकच. दोन हाडें व दोन सांधे मिळून जणूं एक कडें बनतें. एक हाड मोडून आंखूड झालें कीं दुसऱ्यास मोडावें लागतें किंवा एखाद्या टोंकाचा सांधा सुटतो. मोडलेल्या जागेचेंच चित्र काढलें तर सुटलेला सांधा नजरेंतून निसटतो. हाड सांधतें, पण तळहात पुन्हां उताणा होत नाहीं. म्हणून चित्रांत कोपर व मनगट दोन्ही घेतात, आणि गालेआत्सीच्या प्रकारांत प्रौढ रोग्याचें हाड नुसत्या प्लास्टरवर न सोंपवितां धातूच्या पट्टीनें बसवितात.